घडीखालचे पंधरा इंच

प्रिन्स रूपर्ट
३० ऑगस्ट १९८१

चि. एइनार यास थोराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

टपालाचा संप मिटला आणि तुझी तुंबलेली चार पत्रं एकाच दिवशी दारात पडली. पोस्टमन काहीतरी बोलला. माझे कान गेलेत हे त्याला माहीत आहे, म्हणून ओठ मोठे करून बोलतो. माझ्यावर कुणी खटला भरलाय का, असं विचारत असावा. मी म्हटलं, धाकटा भाऊ आहे, त्याहून वाईट. खरं सांगू, संपाचा मला राग आलाच नाही. आपण पोरवयात रचलेल्या तेरा ताऱ्यांवर तरी दुसरं काय चालतं? पत्र निघालं की निघालं, पोचेल तेव्हा पोचेल.

आता मुद्द्याचं. स्कार्विकवर तू गहू पेरलास, वाचून हसावं की रडावं कळेना. त्या ग्रहाचं एक वर्ष म्हणजे आपली नऊ वर्षं, हे तूच ठरवलेलं. म्हणजे हिवाळाच तीन-चार वर्षांचा. तेवढा काळ बियाणं ठेवणार कुठे? कोठारं किती? गिरणी कुठे? लोक पाव खातात असं झोकात लिहितोस, पण भट्टीला जळण काय, याचा पत्ता नाही. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवलास, त्या पोरांची मला दया येते.

आणि दूरच्या पत्रांचा नियम ढिला करू नकोस. एका प्रकाशवर्षाला एक आठवडा पाकीट बंद ठेवायचं, हातात पडल्या दिवसापासून. मागच्या खेपेचं तीन आठवड्यांचं पाकीट तू अठराव्या दिवशीच फोडलंस, हे तुझ्या उत्तरावरून कळलं. घरच्या पत्रात काय हवं ते लिही, ते त्याच दिवशी वाचू. पण ताऱ्यावरून आलेलं पाकीट म्हणजे पाकीट. माझी सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसतात आणि आपापल्या तारखेलाच बाहेर येतात. चाळीस वर्षांत एकदाही मोडलेलं नाही.

या हिवाळ्यात सगळी अंतरं नव्याने मोजणार आहे. पोरवयात आपण बाबांच्या सरोवराच्या नकाशावर शाळेची पट्टी ठेवून मोजली, बाबांची मासेमारीची एकेक छावणी म्हणजे एकेक तारा, एक इंच म्हणजे एक प्रकाशवर्ष. त्यात किती गोंधळ असेल देव जाणे.

तुझ्या बायकोने, लोर्नाने, संपाआधी लिहिलेल्या चार ओळींत कळवलं होतं की तुझ्या किडन्या निकामी झाल्यात आणि आठवड्यातून तीनदा तुला विनिपेगला यंत्रावर नेतात. तुझ्या चार पत्रांत मात्र स्कार्विकच्या गव्हाची खडान् खडा माहिती आणि स्वतःबद्दल एक अक्षर नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. नीट लिही.

इथे पाऊस आहे. इथे नेहमीच पाऊस असतो.

भांडण चालू ठेव, पण लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
थोराताई


गिमली
१४ सप्टेंबर १९८१

ती. थोराताईस एइनारचा सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पोचलं, आणि लोर्ना म्हणते त्यानंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. गिरणीचं मान्य. भट्टीचंही मान्य. अठराव्या दिवसाचं मात्र साफ नाकबूल, मांजराने पाकीट फाडलं होतं. मांजर मेलं आता, त्यामुळे साक्ष मिळणार नाही.

तब्येतीचं लिही म्हणतेस, तर लिहितो. सोमवार, बुधवार, शुक्रवार लोर्ना मला पहाटे गाडीत घालते. तिथे पाच तास रक्त बाहेर काढतात, धुतात, परत आत सोडतात. शेजारच्या खुर्चीवर ओलाफसन म्हणून एक म्हातारा कोळी असतो. तो म्हणतो, जन्मभर मी माशांची आतडी काढली, आता मासे सूड घेतायत. पाणी दिवसाला चार कप, बटाटा बंद, खारवलेला मासा बंद. माझ्या वाढदिवसाला लोर्नाने विनार्तेर्ता केक केला, सातही थर, मध्ये आलुबुखाराचा मुरंबा, आणि मला नखाएवढा तुकडा दिला. बाकीचा शेजाऱ्यांनी माझ्यादेखत संपवला. माणूस ओळखायचा तर अशा वेळी ओळखावा.

शाळा सुटली. नव्या मास्तरला नकाशे देऊन टाकले. वेळ पुष्कळ आहे, त्यामुळे तेरा ताऱ्यांचं काम मात्र झपाट्याने चाललंय. यंत्रावर बसून मी स्कार्विकच्या किनाऱ्यावरचे सगळे दिवे काढले. परिचारिकेने विचारलं, हे कुठलं गाव? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या गावापासून चार प्रकाशवर्षांवर. तिने डॉक्टरांना सांगितलं असावं, कारण त्यांनी त्या दिवशी माझं डोकंही तपासलं.

सोबत स्कार्विकहून एक पाकीट आहे. चार आठवड्यांचं. गव्हाबद्दल नाही, घाबरू नकोस.

रागावलीस तरी माया राखून रागाव.

तुझा
एइनार


[सोबतचं पाकीट. वर लिहिलेलं: स्कार्विकहून मोठ्या बंदराकडे. ४ आठवडे.]

मोठ्या बंदराची वेळ राखणाऱ्या बाईंस स्कार्विकच्या दिवेवाल्याचा नमस्कार.

आमच्याकडे हिवाळ्याचं दुसरं वर्ष लागलं. समुद्र तळापर्यंत गोठतो की काय असं वाटतं. किनाऱ्यावरच्या अकरा दिव्यांपैकी नऊ मी स्वतःच विझवले, तेल पुरावं म्हणून. उरलेले दोनही मिणमिणायला लागलेत. बाई, तुमच्या बंदरात दोन दिवे चांगले तेवतात असं ऐकून आहे, आणि बंदराला एक पुरतो असंही जाणकार सांगतात

ताई, हे काही जमत नाही. सरळच लिहितो.

माझं हृदय थकत चाललंय. डॉक्टर म्हणतात, नवी किडनी बसवायची तर ख्रिसमसच्या आत, त्यानंतर भूल द्यायला ते धजणार नाहीत. अनोळखी माणसाची मिळायची तर रांग मोठी आहे. लोर्नाची जुळली नाही. मूलबाळ आपल्याला दोघांनाही नाही. सख्ख्या बहिणीची जुळायची शक्यता सगळ्यात जास्त. माणूस एका किडनीवर धडधाकट जगतो म्हणतात. तुझ्या वयाची अडचण नाही असंही म्हणतात. मी सगळं विचारून ठेवलंय.

घरच्या पत्रात का नाही लिहिलं, तर घरच्या पत्रात मला तुझ्याकडे काही मागता येत नाही. पंधराव्या वर्षी तू शाळा सोडून मासे डब्यात भरायच्या कारखान्यात गेलीस, म्हणून मी शिकलो. त्या खडखडाटात तुझे कान गेले. ते कान माझ्या शाळेत गेले, ताई. आता वर तुझी किडनी कुठल्या तोंडाने मागू? स्कार्विकवरून मागायला तोंड होतं. तिथला माणूस मी नव्हे.

आणि हे चार आठवडे मलाही हवेत. तोवर तुझा नकार आलेला नसेल. तू वाचशील तेव्हा ऑक्टोबर सरत आलेला असेल, ख्रिसमसला दोन महिने. पुरेसा वेळ आहे, मी मोजलाय.

नाही म्हणालीस तरी तेरा तारे तसेच राहतील. गव्हाची गिरणी मी बांधीन.

एइनार


प्रिन्स रूपर्ट
२७ सप्टेंबर १९८१

चि. एइनार यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आणि पाकीट गुरुवारी, चोवीस तारखेला पोचलं. ओलाफसनला माझा नमस्कार सांग. मासे सूड घेतात हे मी तीस वर्षं त्यांना डब्यात भरून शिकले.

आता ऐक, आणि बसून वाच. पाकिटावर तुझा चाराचा आकडा पाहिला आणि म्हटलं, मोजणी इथूनच सुरू करू. बाबांचा नकाशा माळ्यावरून काढला. तो मधोमध जाड लागतो तुला आठवतं? आपण समजायचो कापड आहे. कापड नाही, घडी आहे. कणकीची खळ लावून कुणीतरी पक्की चिकटवलेली. किटलीच्या वाफेवर धरून दोन संध्याकाळी सोडवत बसले, नख नखभर. आत पंधरा इंच सरोवर निघालं! पंधरा! म्हणजे उत्तरेकडचं सगळं आपण मोजलं ते चुकीचंच. मोठ्या बंदरापासून स्कार्विक चार नाही, एकोणीस आहे. चाळीस वर्षं आपल्या शेजारी समजत होतो तो ग्रह पार अंधाराच्या कडेला आहे.

खळ कुणाची तेही कळलं. घडीच्या आत आईच्या हाताची पेन्सिलीची फुली आहे, बारीक. सरोवरावरचा बर्फ फुटून बाबांची घसरगाडी खाली गेली ती जागा. तिने खूण केली आणि वर घडी घालून चिकटवून टाकली. मग तोच नकाशा आपल्याला खेळायला दिला. उघडायला नको होती असं क्षणभर वाटलं. पण खोट्या नकाशावर जग उभं करायचं नाही, हे आपलं ठरलेलं.

तेव्हा तुझा चाराचा आकडा मी खोडला आणि लाल शाईने एकोणीस केलाय. पाकीट डब्यात गेलं. चार फेब्रुवारीला उघडेन. तुझी तडफड मला दिसतेय, पण नियम म्हणजे नियम. एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाने घाईचं काही लिहिलेलं नसतं.

स्कार्विकच्या लोकांचा सगळा स्वभावच आता बदलावा लागेल, हे तुझ्या ध्यानात आलं का? चार वर्षांत उत्तर येणारा माणूस प्रश्न विचारतो. एकोणीस वर्षांत उत्तर येणारा विचारेल कशाला? तो फक्त कळवेल. यावर विचार कर आणि लिही.

लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. पायाचं माप तेच ना?

मोजमाप बदललं तरी माया तेवढीच ठेव.

तुझी
थोराताई


गिमली
१२ ऑक्टोबर १९८१

ती. थोराताईस सा. न. वि. वि.

आज थँक्सगिव्हिंगची सुट्टी. टर्की शेजाऱ्यांकडची, भूक माझी नाही.

घडीचं वाचलं. लोर्नाला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबलो. बरं केलंस उघडलीस ते. एकोणीस तर एकोणीस. तुझं मोजमाप चुकत नाही, ते आजवर चुकलेलं नाही.

आईच्या फुलीमुळे ते अकरा दिवस परत आठवले. बाबा गेल्याची बातमी उत्तरेच्या छावणीतून घोड्यांच्या घसरगाडीने गिमलीला यायला अकरा दिवस लागले. मध्ये वादळ होतं. ते अकरा दिवस आई बाबांचा अंगरखा शिवत होती. बाहीला वेगळ्या रंगाचं ठिगळ लावलं म्हणून तू हसलीस, बाबा कसे चिडतील त्याची नक्कल केलीस, आणि मी हसून हसून खुर्चीवरून पडलो. बातमी आल्यावर सगळे रडले, आणि मी मात्र एवढंच म्हणालो की आपल्या घरी बाबा अकरा दिवस जास्त जगले. दहा वर्षांचा होतो. आईने एक ठेवून दिली. तू रात्री वही उघडून पहिला कायदा लिहिलास: तेरा ताऱ्यांवर बातमी पोचेपर्यंत माणूस जिवंत, त्याचं ताट मांडलं जाईल, त्याची खुर्ची कुणी हलवणार नाही.

तो कायदा मला अजून आवडतो. बाकीचे सगळे तू सुधारलेस तरी चालेल.

तुझा प्रश्न चांगला आहे. एकोणीस वर्षांवरचा माणूस विचारील कशाला. मला वाटतं तो विचारतो. फक्त उत्तराची वाट पाहत नाही. उत्तर वाटेवर आहे, एवढ्यावर त्याचं भागतं.

मोजे मोठे विण. पाय सुजतात.

अंतर वाढलं, लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
एइनार


प्रिन्स रूपर्ट
८ नोव्हेंबर १९८१

चि. एइनार यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून चार दिवस गेले आणि अजून एक गोष्ट टोचते. ‘चुकलेलं नाही’ या शब्दांनंतर तू दोन ओळी खोडल्यास, त्या इतक्या जोराने की कागद फाटला. खिडकीवर धरून पाहिलं, ‘ताई, तरी’ एवढंच लागलं. काय होतं? माझ्याशी लाजायचं काय कारण? लहानपणी तुझी नाकं पुसलीत मी.

पाय सुजतात म्हणजे काय? डॉक्टर काय म्हणतात? आणि हे यंत्र किती दिवस चालवायचं? इथल्या वाचनालयातल्या बाईने मला एक मासिक दाखवलं, त्यात आता किडन्या बदलतात म्हणून लिहिलंय. तुझ्या डॉक्टरांनी काही काढलं का? काढलं असतं तर तू सांगितलं असतंसच, म्हणून मी फार खोलात गेले नाही.

ख्रिसमसला येणार होते, पण डोंगरातल्या गाड्यांचं या दिवसांत काही खरं नाही, आणि आले तर तुझ्या घरात मी नुसती ओठ बघत बसणार. ईस्टरला येते, बर्फ सुटताना. नकाशा घेऊन येते. दोघं बसून उत्तरेकडचं सगळं नव्याने मांडू. तोवर तुझं पाकीटही वाचून झालेलं असेल. फळीवरून खाली उतरवून रोज एकदा हातात घेते आणि परत ठेवते. जाड आहे. दिवे पुष्कळ काढलेले दिसतात.

मोजे पाठवलेत. घोट्यापाशी सैल केलेत.

काही हवं असेल तर लाजू नकोस. तुझ्यावर आता माझी माया सोडून दुसरं काही खर्चायला मला नाही.

तुझी
थोराताई


गिमली
६ डिसेंबर १९८१

ती. थोराताईस सा. न. वि. वि.

अक्षर लोर्नाचं आहे, मी सांगतोय. हात थरथरतो, नाराज होऊ नकोस.

मोजे आले. सैल आहेत, म्हणजे नेमके आहेत. एक बेत होता, तो डॉक्टरांनी गुरुवारी मोडीत काढला. त्याचं फार काही नाही. ओलाफसनची खुर्ची दोन आठवड्यांपासून रिकामी आहे. त्याच्या जागी एक तरुण बाई येते, तिला मी तेरा तारे समजावून सांगतो. ती तुझ्याहून बरी श्रोती आहे, नकाशावर हरकत घेत नाही.

एक काम कर. ते स्कार्विकचं पाकीट न वाचता चुलीत टाक. मी त्यात चुकीचं लिहिलंय. हिवाळ्याचं सगळं गणित चार वर्षांवर मांडलेलं, एकोणीस वर्षांवर ते लागू पडत नाही. नवीन लिहून पाठवीन. खरंच जाळ. माझ्यावर लोभ असेल तर एवढं ऐक.

तुझा
एइनार


प्रिन्स रूपर्ट
१५ डिसेंबर १९८१

चि. एइनार यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट मुळीच जाळणार नाही. चुकलेलं पानही जपून ठेवायचं, नाहीतर पुढच्यांना चूक कळणार कशी, हा नियम तूच बाराव्या वर्षी लिहिलास आणि वर माझी सही घेतलीस. चार फेब्रुवारीला वाचीन, मनसोक्त हसेन आणि हरकतींची यादी पाठवीन.

बेत कसला होता ते लिही. लोर्नाला सांग, हातमोजे तिच्यासाठीही विणतेय.

हट्टी बहीण आहे म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी
थोराताई


गिमली
१३ जानेवारी १९८२

ती. थोराताईंस लोर्नाचा नमस्कार. वि. वि.

एइनार रविवारी, दहा तारखेला सकाळी गेला. झोपेत नाही गेला. श्वास लागत होता, मी जवळ होते.

तार मुद्दाम केली नाही. त्याने सांगून ठेवलं होतं की ताईला तार करायची नाही, साधं पत्र टाकायचं, तिच्याकडे मला आणखी थोडे दिवस राहू दे. तुमचा दोघांचा हा खेळ मला कधी कळला नाही. पण माणूस मरताना सांगतो ते करावं लागतं, म्हणून केलं.

जमीन दगडासारखी गोठली आहे. मशीन लावून खणता येईल म्हणाले, मी नको म्हटलं. बर्फ सुटेपर्यंत पेटी स्मशानातल्या शेडमध्ये राहील. प्रार्थना झाली. त्याचे जुने विद्यार्थी आले होते.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये असं मला पुष्कळांनी सांगितलं. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुम्हाला एका शब्दाने बोलले नसते. शरीर तुमचं आहे. वय आहे, भीती वाटते, कुणालाही वाटेल. पण सप्टेंबरात त्याने तुमच्याकडे किडनी मागितली आणि तुम्ही त्याला मोजे पाठवलेत. प्रत्येक पत्रात नकाशा, दिवे, गहू. मी टपालपेटीपाशी जाऊन उभी राहायची, थंडीत, आज तरी होय किंवा नाही येईल म्हणून.

मी त्याला म्हटलं, मी लिहिते. त्याने मला शपथ घातली. तो म्हणाला, ताईने अजून वाचलेलं नाही, म्हणजे ती अजून नाही म्हणालेली नाही. मी म्हटलं, मग तिला उघडायला सांग, दोन शब्द लिही. तर म्हणाला, दहा वर्षांचा असताना तिला एकदा माझ्यापायी घाईत टाकलं, तिची शाळा गेली, कान गेले. दुसऱ्यांदा टाकणार नाही. डिसेंबरच्या तीन तारखेला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया होणार नाही असं सांगितलं, त्या दिवशीही तो मला म्हणाला की बघ, अजून नकार आलेला नाही. हसत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

वाचलं नव्हतं हे खरं की खोटं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

त्याच्या वह्या टेबलावर आहेत तशाच ठेवल्यात. लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

लोर्ना


प्रिन्स रूपर्ट
२५ जानेवारी १९८२

चि. लोर्नास थोराचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

पत्र गुरुवारी, एकवीस तारखेला पोचलं. तो दहाला गेला. बोटांवर मोजून पाहा, अकरा दिवस होतात. त्या अकरा दिवसांत मी तुझे हातमोजे पुरे केले, बंदरावर जाऊन मासे आणले, आणि सोळाला त्याच्यावर चिडून दोन पानं लिहिली की माझ्या पत्राला उत्तर का नाही. ती टाकली नाहीत. त्या दिवशी मला वाटलं होतं की तो मुद्दाम छळतोय. मी हसलेही होते, लोर्ना.

वाचलं नव्हतं हे खरं. तुझं पत्र हातात असतानाच डबा खाली काढला आणि पाकीट फोडलं. चार फेब्रुवारीला दोन आठवडे होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला, आणि तो मोडायला मला असा दिवस लागला.

मी म्हणायची, ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला खोड आहे. या खेपेला भांडं त्याने पुढे केलं होतं. मीच झाकण लावून फळीवर ठेवलं आणि वर लाल शाईने आकडा घातला.

घरी बसवेना म्हणून शुक्रवारी इथल्या दवाखान्यात गेले. पाटीवर लिहून विचारलं. डॉक्टर तरुण आहे, त्याला वाटलं मला काही दुखतंय. माझा रक्तगट एइनारचाच निघाला. दोन्ही किडन्या ठणठणीत. पुढचं काही सांगता येत नाही म्हणाला, त्यासाठी दुसरा माणूस समोर लागतो. तुला हे कळवलं नसतं तर चाललं असतं. पण मी यापुढे तुझ्यापासून काही झाकून ठेवणार नाही, बरं असो की वाईट.

परत येऊन नकाशा पसरला आणि अंतर पुन्हा मोजलं. मनात आलं, माझंच चुकलं असेल, घडी नीट उलगडली नसेल, पट्टी तिरकी धरली असेल. तीनदा मोजलं. एकोणीसच आहे. चुकले असते तर बरं झालं असतं, निदान चुकले म्हणून रडता आलं असतं. मी बरोबर होते आणि तेवढ्यासाठी माझा भाऊ गेला. आईने ती घडी चिकटवली ती उगीच नव्हे. मला ती उघडायची अक्कल होती, मिटलेली राहू द्यायची नव्हती.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी पुढच्या सोमवारच्या गाडीने निघते, म्हणजे या पत्राच्या मागोमागच. ईस्टरपर्यंत थांबत नाही. तुझ्या दारात उभी राहीन, आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही घेतलंस तर त्या शेडपाशी जाऊन येईन आणि स्टेशनवर बसेन. जमीन सुटेपर्यंत मी गिमलीतच राहणार आहे. त्याला मातीत ठेवताना मला तिथे असायचं आहे. बाबांच्या वेळी पेटीत ठेवायलाच काही नव्हतं.

सोबत एक पाकीट आहे, एइनारच्या नावाचं. त्यावर मी शून्य लिहिलंय. आमच्या तेरा ताऱ्यांत शून्य अंतरावर काहीच नाही, तो माझ्यावर हरकत घेईल, घेऊ दे. हातात पडल्याबरोबर उघड, आणि तुझ्याच्याने होईल तर शेडपाशी जाऊन मोठ्याने वाच. मी शेजारी असते तरी मला ऐकू आलं नसतं. त्याला येईल असं मी धरून चालते. तुझ्याकडून होणार नसेल तर तसंच ठेव, आल्यावर मी वाचीन.

लोभ मागायचं तोंड मला उरलेलं नाही. हातमोजे मात्र घाल, थंडी फार आहे.

थोरा


[सोबतचं पाकीट. वर लिहिलेलं: मोठ्या बंदराहून स्कार्विककडे. ० आठवडे.]

एइनार,

हो.

डावी की उजवी, तेवढं डॉक्टरांना विचारून ठेव. मी निघालेच.

ताई